बोडीवरून खाडीवर: विदर्भातून पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी

गळ टाकणं आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. नवेगाव बांध, इटियाडोह, शिवाय गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या (छोटी तळी). भंडारा-गोंदिया हा तलावांचाच मुलूख आहे. बांबूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ आणि समोर मरळ, एवढ्यावर लहानपण गेलं. त्यामुळे कोकणात खाडीत गाइड घेऊन मासेमारी करता येते हे कळलं तेव्हा वाटलं, पाणी खारट असेल, बाकी काय वेगळं असणार?

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आणि माझा आतेभाऊ गेलो. सुटी बघितली, तिकीट काढलं, फोनवर बोट ठरवली, आगाऊ पैसे पाठवले. सकाळी अकरा ते दुपारी तीन आम्ही खाडीत होतो. गळाला साधा धक्कासुद्धा लागला नाही. पाणी बोडीसारखं थांबलेलं होतं. बोटवाला मोबाइल बघत बसला होता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, "तिथ बघून इलात काय?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमी असणं म्हणजे काय, हे गेल्यावर कळण्याऐवजी जाण्याआधी कळलं असतं तर दीड हजार किलोमीटरचा प्रवास वाया गेला नसता.

तेव्हापासून दरवर्षी जातो. गावातले चार-पाच जण बरोबर येऊन गेले. प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे.

१. आधी तिथी, मग सुटी, मग तिकीट

हा क्रम उलटा केला की पैसे गेले. बाकी लेख वाचला नाही तरी चालेल, पण हा भाग नीट वाचा.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. एका भरतीपासून त्यानंतरच्या ओहोटीपर्यंत साधारण सहा तास आणि वर थोडी मिनिटं. हे चक्र दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. आज सकाळी सातला पूर्ण भरती असेल तर उद्या आठच्या जरा आधी.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अशी: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. दशमी असेल तर दहा गुणिले पाऊण, म्हणजे साडेसात. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साधारण आठ वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी, म्हणजे दीड-पावणेदोनला पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, मोबाइलचीसुद्धा गरज नाही. ही वेळ अदमासाची आहे. दक्षिणेला मालवणकडे भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर येते, आणि मुखापासून खाडीत जसजसे आत जाल तसतशी ती उशिरा पोहोचते. दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बघा आणि गाइडला विचारून पक्की करा.

दुसरी गोष्ट जोराची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्याला उधाण म्हणतात. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार मीटरच्या वर जातं, दक्षिणेकडे हा आकडा कमी होत जातो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी थोडंच हलतं. त्याला भांग म्हणतात. आम्ही गेलो ते या भांगाच्या पाण्यावर, आणि तेही ऐन ओहोटी थांबायच्या वेळेला.

मग कोणती तिथी निवडायची? नवख्याला ऐन उधाणही नको. पाणी इतकं जोरात धावतं की गळ जागेवर राहत नाही, आणि खाडी गढूळ होते. माझा अनुभव असा की दशमी ते त्रयोदशी हे दिवस आपल्यासाठी उत्तम. पाण्याला पुरेशी ओढ असते, आणि सकाळी सात ते दहाच्या दरम्यान पूर्ण भरती होऊन पुढे दुपारपर्यंत ओहोटी चालते. म्हणजे उजेडात, उन्हाच्या आधी, उतरतं पाणी मिळतं. ते जमलं नाही तर तृतीया ते पंचमी बघा, तेव्हा सकाळच्या उत्तरार्धात चढतं पाणी मिळतं.

२. मासा कुठे उभा असतो ते समजून घ्या

बोडीत मासा सकाळ-संध्याकाळ खातो, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. खाडीत घड्याळापेक्षा पाण्याची हालचाल मोठी.

भरती आली की पाणी कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडीत, शिरतं. मुळांच्या जाळ्यात कोळंबीची पिल्लं, बोय माशाची पोरं, खेकडे असतात. पाण्याबरोबर मोठे मासेही आत घुसतात. ओहोटी लागली की सगळं पाणी बारक्या बारक्या ओहोळांतून परत खाडीत येतं आणि बरोबर हा सगळा खाऊ ओढून आणतं. जिताडा किंवा तांबोशी त्या ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाला थोडा आडोसा असेल तिथे, उभी राहून वाट बघते. ऐन पावसाळ्यात धानाच्या बांधीचा पार फुटल्यावर पाण्याच्या धारेखाली मासे कसे जमतात ते तुम्ही पाहिलं असेल. तेच गणित, फक्त दिवसातून दोनदा.

पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला पाणी काही वेळ थांबतं. तेव्हा बहुधा काही लागत नाही. सुरुवातीला मी अशा वेळी दर दोन मिनिटांनी गळ काढून दुसरीकडे टाकत होतो. आता आमचा जो बोटवाला आहे, ज्याला आम्ही काका म्हणतो, तो म्हणाला होता, "घाई करू नको. पाणी थांबलाहा. आता फिरतला." खरोखरच दहा मिनिटांनी बोटीजवळ तरंगणारं तिवराचं वाळकं पान, जे इतका वेळ जागेवर होतं, हळूच समुद्राच्या दिशेने सरकू लागलं. आता मी पाण्यावर पान शोधतो आणि ते सरकायला लागलं की गळ टाकतो.

३. महिना आणि खाडी

१ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात नद्यांचा गढूळ लोंढा खाडीत येत राहतो. आपल्यासाठी खरा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. धानवाल्यांना सोयीचं म्हणजे कापणी होऊन पुंजणे घातले की, नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी. मार्च-एप्रिललाही मासा चांगला असतो, पण दमट ऊन सोसावं लागतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला वाटतं आपल्याला काय होणार. आपलं ऊन कोरडं असतं, घाम लगेच वाळतो. तिथे घाम वाळतच नाही, आणि पाण्यावरून उलटलेलं ऊन हनुवटीखालून भाजतं.

खाड्या पुष्कळ आहेत. रायगडात रेवदंड्याची कुंडलिका, रायगड-रत्नागिरीच्या सीमेवर सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, रत्नागिरी शहराला लागून काजळीची भाट्ये खाडी, विजयदुर्गची वाघोटण, आणि सिंधुदुर्गात कालावल व कर्ली. पहिल्या वेळेला मी तारकर्ली-देवबागजवळची कर्ली सुचवतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. राहायला घरगुती सोय सहज मिळते, आणि खाडीच्या आतलं पाणी शांत असतं. मालवणजवळ १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. तिथे कुठे गळ टाकायचा नाही हे गाइडला आधीच विचारा आणि त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नका.

४. गाइड ठरवताना फोनवर विचारायच्या गोष्टी

पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारा बोटवाला आणि गळाने मासे पकडायला नेणारा बोटवाला, हे दोघे वेगळे. पहिलाही "हो, फिशिंग करतो" म्हणतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याला विचारा, "आम्ही अमुक तारखेला येतो, चालेल का?" जो लगेच "या, या" म्हणेल त्याच्यापासून सावध राहा. जो म्हणेल, "थांबा, पाणी बघून सांगतो," तो तुमचा माणूस.

मग हे विचारा:

– भाडं बोटीचं की माणशी? किती तासांचं? (चार-पाच तासांची फेरी पहिल्यांदा पुरे.)
– डिझेल, जिवंत आमिष, पाणी, जेवण यांतलं काय धरलेलं आहे?
– रॉड-रील तो देतो का? तुटलं तर भरपाई कोणाची?
– प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि लहान मुलाच्या मापाचं आहे का?
– बोटीला प्रवासी नेण्याचा परवाना आणि विमा आहे का?
– हवा बिघडली तर पैसे परत, की दुसरा दिवस?
– पकडलेला मासा कोणाचा?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. काही ठिकाणी मासा बोटवाल्याचा असतो, काही ठिकाणी अर्धा-अर्धा. बोट किनाऱ्याला लागल्यावर वाद नको. हे सगळं बोलणं झालं की त्याच गोष्टी मेसेजवर लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "हो" लिहून घ्या. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ देऊ नका. पहिल्या खेपेला आम्ही सगळी दिली होती. मग भांगाच्या पाण्यावर "आज नको" म्हणायचं त्या माणसाला काही कारणच उरलं नव्हतं.

बायका बरोबर असतील तर आणखी एक: छोट्या बोटीवर शौचालय नसतं. दर दोन तासांनी किनाऱ्याला कुठे लागता येईल हे आधीच ठरवून घ्या.

५. कागदपत्रं

फार नाहीत. प्रत्येकाचं आधार किंवा मतदार ओळखपत्र, मुक्कामासाठी त्याची एक झेरॉक्स, रेल्वेचं तिकीट, आगाऊ दिलेल्या पैशांची पावती किंवा व्यवहाराचा स्क्रीनशॉट. रोजचं औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. हे सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत. बोटीत चढण्याआधी तिच्या कडेला रंगवलेल्या नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून घरी पाठवा, आणि कधी परतणार तेही कळवा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, बाकी कशासाठीही ११२. दोन्ही मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा.

६. सामान

गाइड रॉड देत असेल तर पहिल्यांदा विकत घेऊ नका. तरीही घ्यायचाच असेल तर सात ते आठ फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि ४००० मापाचं, खाऱ्या पाण्याला चालणारं रील. त्यावर २० ते ३० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी.

ब्रेडच्या टोकाला दोन हात लांबीचा, ४० पौंडांचा जाड नायलॉनचा लीडर बांधायलाच हवा. कारण सांगतो. खाडीतल्या खडकांवर आणि मुळांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या शिंपल्यांची धार विळ्यासारखी असते. दुसऱ्या खेपेला मी लीडर न लावता तंगूस टाकली. मासा लागला, खडकाकडे धावला, आणि काठी एकदम हलकी झाली. ओढून घेतलं तर शेवटचा हातभर भाग लोकरीसारखा पिंजलेला होता. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कडही तशीच कापते.

आमिष दोन प्रकारचं. जिवंत कोळंबी (आपल्याकडचे झिंगे, पण मोठे) किंवा लहान बोय. हे गाइड पाग (फेकायचं जाळं) टाकून तिथल्या तिथे पकडतो. किंवा कृत्रिम आमिष: १० ते २० ग्रॅमच्या जिगवर (वजन बसवलेल्या गळावर) लावायची रबरी कोळंबी, बोटभर-वीतभर लांबीचा प्लास्टिकचा मासा. नवख्याने जिवंत कोळंबीने सुरुवात करावी. शेपटीजवळच्या दोन कड्यांमधून गळ हलकेच घालायचा, डोक्यातली काळी ठिपक्याएवढी जागा टाळायची, म्हणजे ती बराच वेळ पोहत राहते.

बाकी: लांब नाकाची पक्कड, छोटी कात्री, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, गळा झाकणारी टोपी, चिखलातून न निसटणारे मागून बंद बूट (चप्पल नको, चिखल ती ओढून घेतो), माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, आणि थर्मासभर कडकडीत पाणी. थर्मास कशाला ते पुढे येईल.

७. घरी पंधरा दिवस सराव

आपण काठीने गळ अलगद सोडतो. खाडीत पंधरा-वीस मीटरवर, मुळांपासून हातभर अंतरावर आमिष पडलं पाहिजे. हातभर अलीकडे पडलं तर मासा येत नाही, हातभर पलीकडे पडलं तर मुळात अडकतं. कापणी झालेल्या बांधीत घमेलं ठेवा, गळाऐवजी नुसतं शिसं बांधा आणि रोज संध्याकाळी पन्नास वेळा फेका. मी पहिल्या दिवशी पन्नासात एकदाही घमेल्याला लावू शकलो नाही. पंधराव्या दिवशी अकरा वेळा आवाज आला, आणि खाडीत तेवढ्यावर भागलं. रॉड उधार मिळत नसेल तर हा सराव बोटीवरचा पहिला अर्धा तास गाइडसमोर करा. अर्धा तास जातो, पण पुढचे चार तास सुधारतात.

८. प्रवास

आम्ही अर्जुनीहून गोंदियाला येतो आणि दुपारची विदर्भ एक्सप्रेस धरतो. ती सकाळी मुंबईला पोहोचवते. तिथून कोकण रेल्वेची गाडी, कुडाळपर्यंत. कुडाळहून मालवण रस्त्याने तासाभराचं. दोन गाड्यांमध्ये किमान तीन तास ठेवा, थंडीच्या दिवसांत गाड्या लेट होतात. नागपूरहून मडगावला आठवड्यातून दोनदा जाणारी एक विशेष गाडीही असते, ती कुडाळला थांबते आणि वर्धा, बडनेरा, अकोला या बाजूच्या लोकांना सोयीची पडते. विशेष गाडी असल्यामुळे ती त्या महिन्यात चालू आहे का ते आरक्षणाआधी बघा.

पोहोचल्याच्या दिवशी बोट ठरवू नका. एक रात्र झोपा. रॉड नेण्यासाठी नळाचा दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइप कापून दोन्ही बाजूंना झाकण लावा. बर्थखाली बसतो, मोडत नाही.

९. बोटीवर

निघण्याआधी हवामान खात्याचा समुद्रासाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा इशारा बघा. दोन्ही मोबाइलवर मिळतात. गाइड "आज नको" म्हणाला तर हुज्जत घालू नका, पैसे भरलेले असले तरी.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घाला आणि पट्टे आवळा. तलावात पोहणारे आपले लोक हे ऐकत नाहीत. ओहोटीचं पाणी पोहणाऱ्याला समुद्राकडे ओढत नेतं, हा अनुभव बोडीत येत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, तिथे लाटा फुटतात. "जरा समुद्रात नेऊन दाखवा" असा आग्रह पहिल्या वेळेला धरू नका.

बोटीत एका वेळी एकानेच उभं राहून फेकायचं. फेकण्याआधी मागे बघायचं. आमच्या गावच्या एका पोराचा गळ दुसऱ्याच्या कानाच्या पाळीत गेला होता. आत शिरलेला गळ ओढून काढू नका, तंगूस कापा आणि डॉक्टरकडे जा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून आधीच सपाट केला असेल तर तो कानातूनही सहज निघतो आणि माशाच्या तोंडातूनही. मी आता सगळे गळ घरूनच दाबून नेतो.

मासा लागला की नवखा माणूस जिवाच्या आकांताने ओढतो. मरळीला तसंच ओढावं लागतं, नाहीतर ती वनस्पतीत घुसते. इथे रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरी सोडणारा ब्रेक, काम करतो. माझा पहिला जिताडा लागला तेव्हा काका ओरडत होते, "तेका जावंदे, ओढू नको!" रॉडचं टोक वर धरायचं, तो धावला की धावू द्यायचं, थांबला की गुंडाळायचं. त्याने पाण्याबाहेर उडी मारली तर टोक क्षणभर खाली करायचं, म्हणजे हिसक्याने गळ सुटत नाही. तांबोशीला मात्र पहिल्या दोन सेकंदांत अजिबात सैल सोडू नका. लागल्याबरोबर ती मुळांच्या गुहेत घुसते, आणि एकदा घुसली की परत निघत नाही.

१०. काटे, पाकट आणि थर्मासमधलं पाणी

खाडीत शिंगाळा हमखास लागतो. आपल्या तलावातल्या शिंगाडा माशाचा भाऊच म्हणा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एक-एक असे करवती काटे, आणि त्यांना विष. हाताने धरू नका, पकडीनेच गळ काढा. पाकट हा चपटा मासा चिखलात अंग गाडून बसतो, त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. उथळ पाण्यात उतरावं लागलं तर पाय उचलून टाकत चालू नका, तळाशी घासत सरकवा. पायाचा धक्का लागला की तो निघून जातो. वरून पाय पडला तर मारतो.

काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. या विषाचा दाह उष्णतेने कमी होतो. पाणी किती गरम आहे ते जखमी माणसाने ठरवू नये, दुसऱ्याने आपला हात घालून बघावं, नाहीतर वेदनेच्या भरात कातडी भाजते. म्हणून थर्मास. आतेभावाला शिंगाळ्याचा काटा अंगठ्याला लागला तेव्हा तो बोटीत आडवा पडून कण्हत होता. जेवणाच्या डब्यात पाणी ओतून अंगठा बुडवला, आणि वीस मिनिटांत तो उठून बसला. तरीही किनाऱ्याला लागल्यावर दवाखान्यात गेलो, कारण काट्याचा तुकडा आत राहिला तर पिकतो. छातीत किंवा पोटात काटा लागला, किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर गरम पाण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना. कालवाने कापलं तर जखम लहान दिसली तरी लगेच गोड्या पाण्याने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधी घेतलेलं बरं.

११. ठेवायचा की सोडायचा

यावर माझं स्पष्ट मत आहे. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभर लांबीकडे गेलेला जिताडा जवळजवळ नक्की मादी असतो, लाखो अंडी घालणारी. फोटो काढा आणि सोडा. तांबोशीचं उलट: खाडीत सापडतात ती बहुतेक अजून न विणलेली पोरं, मोठी झाल्यावर ती समुद्रातल्या खडकांकडे जातात. म्हणून वीतभर तांबोशी तर मुळीच ठेवू नका. जेवणापुरते दोन मध्यम मासे ठेवले, बाकी सोडले, तर गाइडही खूश असतो. त्याचं पोट त्या खाडीवर आहे.

सोडताना हात ओले करा, मासा आडवा धरा, दोन्ही हातांनी आधार द्या. कल्ल्यात बोटं घालू नका. पाण्यात धरून ठेवा, तो स्वतःहून शेपूट मारून निघेल. कासव किंवा करवती तोंडाचा मासा अडकला तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. गाइडला सांगून लगेच सोडा, फोटोसाठीही बोटीत घेऊ नका. आणि मुळात अडकलेला गळ काढायला कांदळाची फांदी तोडू नका. कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ते गेलं तर मासाही जातो.

ताजा मासा गोंदियापर्यंत आणायच्या भानगडीत पडू नका. तीस तास बर्फ टिकत नाही. मुक्कामाच्या घरी रांधून मागा. घरच्यांसाठी बाजारातून सोडे घ्या, सुकवलेली कोळंबी. सुकट खाणाऱ्या आपल्या घरांत ते आवडतातच.

१२. परतल्यावर

त्याच रात्री रील आणि रॉडच्या कड्या गोड्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, मीठ आत ढकललं जातं. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, हँडलला तेलाचा थेंब. आतेभावाने त्याचं रील न धुता गावी आणलं, संक्रांतीला काढलं तेव्हा ते फिरत नव्हतं.

आणि एक वही करा. तिथी, पूर्ण भरतीची वेळ, मासा लागला ती वेळ, पाणी चढतं की उतरतं, जागा, आमिष. तीन-चार खेपांनंतर गाइडला फोन करण्याआधीच तुम्हाला दिवस सुचायला लागतो. माझ्या वहीतली मागची नोंद अशी आहे: "कार्तिक वद्य दशमी. भरती साडेसात. पान सरकलं सात-पन्नासला. नऊ-चाळीसला दुसऱ्या ओहोळाच्या तोंडाशी, जिवंत कोळंबीवर, जिताडा, हातभर लांब. सोडला. साडेदहापर्यंत दोन तांबोशा, एक ठेवली. अकरानंतर काही नाही. पुढच्या वर्षी एकादशीला बघायचं."